मैत्रिणीला पैसे दिले, पावती संस्थेची आली

वाचकाचं पत्र

नमस्कार,

मी चोपडा तालुक्यातली. घरची केळीची शेती आहे, पण मी नर्सिंग शिकलेली, त्यामुळे सातपुड्याच्या पायथ्याशी मिशनच्या एका दवाखान्यात बरीच वर्षं नोकरी केली. दवाखाना बघणाऱ्या सिस्टर वसईकडच्या, वयाने माझ्याच बरोबरीच्या. आधी 'अहो सिस्टर' होतं, मग 'अगं' कधी झालं कळलंच नाही. इथल्या आदिवासींची पावरी बोली बोलायला ती माझ्याआधी शिकली आणि कळण्याची भाकरी थापायला माझ्याकडून शिकली.

माझे मिस्टर किडनीच्या आजाराने गेले. जळगावला डायलिसिसला नेताना ती कितीदा तरी सोबत आली. मठातून डबा यायचा. हॉस्पिटलात रात्री मला घरी पाठवून ती स्वतः बसायची. ते गेले तेव्हा दहाव्याला आली आणि बायकांत न बसता सरळ स्वयंपाकघरात शिरून भांडी घासायला लागली.

हे कसं फेडायचं, हेच डोक्यात असतं. तिच्या व्रतांना पंचवीस वर्षं झाली तेव्हा तिला चांगली उंची लोकरीची शाल दिली. पुढच्या थंडीत ती शाल होस्टेलच्या स्वयंपाकाच्या मावशींच्या अंगावर दिसली. मी काही बोलले नाही. गेल्या मे महिन्यात तिची अहिल्यानगर जिल्ह्यात बदली झाली. निघताना हातखर्चाला म्हणून पाकिटात पाच हजार घालून दिले, तर काही दिवसांनी माझ्या नावाची, तिच्या सिस्टरांच्या संस्थेची पावती आली! मैत्रिणीला दिलेल्या पैशाची पावती? मला रडूच आलं. यंदा आखाजीला, अक्षय्य तृतीयेला ये, माझं घर तुझं माहेर समज, असं म्हटलं, तर 'परवानगी बघते' म्हणाली आणि आली नाही.

आता रविवारी दहा मिनिटं फोन येतो. त्यातही तिथल्या कुणा दुसऱ्या सिस्टरचं कौतुक. सूनबाई म्हणते, "आई, त्या लोकांना माया लावायचीच नसते, तुम्हीच उगाच गुंतलात." मी तिची मैत्रीण होते, की तिने ज्यांची सेवा केली त्या शेकडो माणसांतली एक? खरं काय ते सांगा.

— एक वाचक, चोपडा तालुका

उत्तर

ताई,

पावतीपासूनच सुरुवात करते, कारण तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त तीच टोचते आहे.

तुमच्या सिस्टरने पहिली व्रतं घेतली त्याच्या आधी तिला एक कागद करावा लागला असणार. घरचं जे काही तिच्या नावावर होतं किंवा येणार होतं, वसईची वाडी म्हणा, आईचा दागिना म्हणा, त्याचा कारभार यापुढे कोण बघणार ते लिहून द्यायचं. मग काही वर्षांनी आजन्म व्रतं घ्यायच्या आधी मृत्युपत्र करायचं, तेही देशाच्या कायद्यात टिकेल असं. तिशीच्या आसपासची धडधाकट बाई मृत्युपत्रावर सही करते! कॅथलिक चर्चची 1983 सालची कायद्याची संहिता आहे, तिच्यात हे आहे. त्याच कलमात पुढे असंही आहे की व्रतस्थ माणूस स्वतःच्या कष्टाने जे मिळवेल, किंवा संस्थेचा म्हणून त्याला जे मिळेल, ते संस्थेचं. पगार संस्थेचा. पेन्शनसुद्धा सहसा संस्थेचीच. बऱ्याच मठांत महिन्याला थोडाफार हातखर्च मिळतो, पण साबण, टूथपेस्ट, बसचं तिकीट असा त्याचाही हिशेब महिनाअखेर द्यावा लागतो.

बाहेरच्याला हे पटवणं फार अवघड आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की अनुदानित शाळांत शिकवणाऱ्या सिस्टर आणि फादर यांच्या पगारातून आयकर कापलाच पाहिजे. त्यांच्या बाजूने मांडलं गेलं होतं की पगार आमच्या हातात राहतच नाही, सगळा संस्थेला जातो, मग ते उत्पन्न आमचं कसं? न्यायालयाने ते मानलं नाही. पगार तिच्या नावाने निघतो, म्हणजे कायद्याच्या हिशेबी तो तिचा. पुढे ती त्याचं काय करते हा तिचा प्रश्न. मला स्वतःला निकाल बरोबर वाटतो. पण वकिलांना वर्षानुवर्षं कोर्टात जे समजावता आलं नाही ते तुम्हाला एका पावतीवरून समजावं, ही अपेक्षा मी कशी करू?

तर झालं असं असणार. तुम्ही पाकीट दिलंत. तिने नव्या घरी पोचल्यावर ते सुपीरियरच्या, म्हणजे मठाच्या प्रमुख सिस्टरच्या, किंवा हिशेब बघणाऱ्या सिस्टरच्या हातात दिलं. 'कुणी दिले?' असं विचारल्यावर तिने तुमचं नाव सांगितलं. नाव सांगितलं म्हणून पावती तुमच्या नावाची निघाली. ते पाकीट बॅगेच्या तळाशी ठेवून देणं तिला सहज जमलं असतं, कुणाला पत्ताही लागला नसता. तसं तिने केलं असतं तर तुम्हाला बरं वाटलं असतं, पण मग जिच्यावर तुम्ही आजाऱ्याच्या उशाशी रात्ररात्र विश्वास टाकलात ती बाई ही नसती.

शालीचीही गोष्ट तशीच, फक्त ती फार जुनी आहे. संत ऑगस्टीनने साधारण सोळाशे वर्षांपूर्वी एकत्र राहणाऱ्या व्रतस्थांसाठी नियम लिहिले. आजही कित्येक संस्थांचे नियम त्यावर बेतलेले आहेत. त्यात नेमकी ही शाल आहे. घरच्यांनी मठातल्या आपल्या मुलीला कपडा किंवा गरजेची वस्तू आणून दिली तर तिने ती लपवून ठेवू नये. ती प्रमुखाकडे द्यावी, सगळ्यांच्या वस्तूंत जावी, आणि ज्या कुणाला गरज असेल तिला मिळावी. पुढे सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने आणखी कडक केलं. मठाधिपतीच्या परवानगीवाचून पत्र घ्यायचं नाही, भेट घ्यायची नाही, अगदी आईवडिलांकडून आली तरी. आणि परवानगी मिळाली तरी ती वस्तू कुणाला द्यायची ते मठाधिपती ठरवणार. ज्याच्यासाठी ती आली होती त्याने वाईट वाटून घेऊ नये, असंही तो बजावतो. म्हणजे वाईट वाटणार हे त्याला पक्कं ठाऊक होतं! गंमत अशी की घेणाऱ्याच्या मनाची त्याने काळजी केली, पण जिने शाल पाठवली तिच्या मनाचं काय, याबद्दल त्या प्रकरणात एक ओळ नाही. तुम्ही आज जे लिहिलंय ते बेनेडिक्टकडून राहून गेलेलं आहे, असं मी म्हणेन.

यात नियमाइतकाच माणसाचाही भाग असतो. माझी मावशी सिस्टर होती. भुसावळला आमच्या रेल्वे क्वार्टरमध्ये ती सुटीला यायची तेव्हा आई तिला दरवेळी नवे रुमाल, एखादं स्वेटर, चांगली चप्पल द्यायची. पुढच्या वेळी मावशी जुन्याच चपलेवर हजर. आई चिडायची. मावशीचं म्हणणं असं की जे आवडतं ते देताना हात आधी उचलतो, कारण तेच देण्यासारखं असतं, फाटका रुमाल काय द्यायचा कुणाला! आईला हे कधी पटलं नाही. मला निम्मं पटतं. होस्टेलच्या स्वयंपाकाच्या मावशी पहाटे चारला उठून दीडशे पोरींच्या भाकरी करत असतील, आणि जानेवारीत पायथ्याला काय गारठा असतो ते तुम्ही मला सांगायला नको. सिस्टरला ती शाल आवडली नसती तर कदाचित तिच्याच कपाटात पडून राहिली असती.

उरलेलं निम्मं सांगते. यात तुमची सिस्टर चुकली आहे. शाल दिली ते चुकलं असं मी म्हणत नाही. तिने तुम्हाला सांगितलं नाही, ते चुकलं.

याला मी तिच्याच परंपरेतला दाखला देते, म्हणजे हे बाहेरच्या माणसाचं बोलणं वाटणार नाही. आविलाची संत तेरेसा ही सोळाव्या शतकातली स्पेनमधली, कार्मेलाइट नावाच्या संघातली सिस्टर. जन्म 1515, मृत्यू 1582. मठांची नवी घडी घालणारी, कडक शिस्तीची बाई. तिची शेकडो पत्रं आज शिल्लक आहेत. त्यातली कितीतरी मारिया दे सान होसे या मैत्रिणीला आहेत. ही मारिया सेव्हिलच्या मठाची प्रमुख. सेव्हिल म्हणजे तेव्हा समुद्रापारचा माल उतरवून घेणारं बंदर, त्यामुळे तिच्याकडे नवलाच्या वस्तू यायच्या. एकदा तिने तेरेसाला काय पाठवावं? नारळ. तिकडे मध्य स्पेनमध्ये नारळ म्हणजे जत्रेत दाखवण्याची वस्तू. तेरेसाने तो मिळाल्याचं कळवलं, बघण्यासारखी चीज आहे म्हणून कौतुक केलं, आणि त्याच पत्रात सांगून टाकलं की आता हा मी दोन्या लुइसाकडे पाठवणार. ही लुइसा तिची दुसरी मैत्रीण, मोठ्या घराण्यातली. म्हणजे भेट पुढे गेलीच. पण पाठवणारीला ते तिसऱ्याच कुणाच्या अंगणात दिसलं नाही. घेणारीच्या हातच्या पत्रातून कळलं.

एवढंच तुमच्या सिस्टरने करायला हवं होतं. 'अगं, तुझी शाल मी मावशींना दिली, त्यांना रात्रभर खोकला होता' असं एक वाक्य. ते ती का बोलली नाही याचा मी फक्त अंदाज करू शकते. आपल्या घरात, मठात, वस्तू अशी फिरते हे तिच्या इतकं अंगवळणी पडलंय की सांगण्यासारखं त्यात काही आहे हेच तिच्या लक्षात आलं नसेल. किंवा तुम्ही दुखावाल हे कळत असूनही तिने तोंड चुकवलं असेल. सिस्टरही तोंड चुकवतात, ताई. व्रतं घेतल्याने तेवढं काही सुटत नाही.

आता सूनबाईंचं बोलणं. ते चूक आहे, पण हवेतून आलेलं नाही. मठांत एक म्हण शिकवली जायची: क्वचित एकटी, दोघी कधीच नाही, नेहमी तिघी. फिरायला जायचं तर तिघींनी, विरंगुळ्याच्या वेळेला बसायचं तर कुणाही शेजारी, तीच ती शोधून नाही. दोघींचं जास्त जमतंय असं दिसलं की त्याला 'खास मैत्री' म्हणायचे आणि ती दोष समजली जायची. माझ्या मावशीची नवदीक्षित असतानाची एक मैत्रीण होती. दोघी एकत्र हसताना दिसल्या म्हणून जेवणाच्या टेबलावर त्यांच्या जागा वेगळ्या केल्या गेल्या. मावशीने याची कधी तक्रार केली नाही. पण सत्तरीतही तिला ती मैत्रीण कुठल्या टेबलावर कुठल्या खुर्चीत बसायची ते सांगता यायचं.

याची कारणं सगळीच वाईट होती असं नाही. दहा-पंधरा बायका आयुष्यभर एका छपराखाली, एका स्वयंपाकघरात. त्यात दोघींची गट्टी झाली की तिसरी बाहेर पडते, मग चौथी कुणाच्या बाजूला ते ठरतं, आणि वर्षभरात घराचे दोन भाग. एकत्र कुटुंबात तीन जावा सांभाळलेल्या बाईला हे मी काय समजावू? तेरेसाने आपल्या पहिल्या मठात तेरा जणींचीच मर्यादा मनाशी धरली होती आणि त्यांना बजावलं होतं की इथे सगळ्यांनी सगळ्यांच्या मैत्रिणी व्हायचं, एकीवरच जीव टाकायचा नाही. तीच बाई मारियाला लांबलचक पत्रं लिहीत होती आणि उत्तराला उशीर झाला की रुसत होती. हा विरोधाभास तिने लपवला नाही, म्हणून मला ती आवडते. पण तिच्यानंतरच्या कित्येक मठांनी तिचा नियम तेवढा उचलला आणि पत्रं कपाटात ठेवली. त्यातून जे झालं ते मला क्रूर वाटतं. कितीतरी बायका मन मोकळं करायला कुणी नसताना म्हाताऱ्या झाल्या.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या मोठ्या सभेनंतर, यात बराच फरक पडला. 1965 साली परिषदेने व्रतस्थ जीवनाच्या नूतनीकरणाचा हुकूमनामा काढला, आणि संस्थांनी आपापले नियम पुन्हा तपासून लिहायला घेतले. तुमच्या सिस्टरची पिढी त्यानंतरची. मैत्रीला भिऊ नका, फक्त ती घराला तोडणारी नसावी, असं आज बहुतेक ठिकाणी शिकवतात. तरी जुनी सवय वयस्कर सिस्टरांच्या नजरेत राहते, आणि तरुण सिस्टर ती नजर ओळखतात. रविवारी फोनवर ती मोकळेपणाने बोलत नसेल तर एक शक्यता ही धरा की फोन ती हॉलमध्ये उभी राहून करत असेल.

दूर राहून मैत्री टिकते का, हाही तुमच्या पत्रातला न विचारलेला प्रश्न दिसतो. इटलीतल्या असिसीची संत क्लारा आणि प्राग शहरातली अग्नेस, बोहेमियाच्या राजाची मुलगी, या दोघी तेराव्या शतकातल्या. अग्नेसने राजघराण्यांतली स्थळं नाकारून 1234 साली मठाचा रस्ता धरला. दोघी कधीही भेटल्या नाहीत. क्लाराची तिला लिहिलेली चार पत्रं उरली आहेत, ती वीस-एक वर्षांत पसरलेली. एका पत्रात ती अग्नेसला, उपवास झेपतील तेवढेच कर, आपलं शरीर काही पितळेचं नाही, ताकद काही दगडाची नाही, असं थोरल्या बहिणीसारखं दटावते. शेवटचं पत्र क्लाराच्या अखेरच्या दिवसांतलं, 1253 सालचं. त्यात ती अग्नेसला आपल्या जिवाचा अर्धा भाग म्हणते. आणि या क्लाराने स्वतःजवळ काही न ठेवण्याचा हक्क पोपकडून झगडून मिळवला होता! तिने मठासाठी लिहिलेला नियम मंजूर झाला तो तिच्या मृत्यूच्या दोन दिवस आधी. वस्तूंच्या बाबतीत इतकी निष्ठुर बाई माणसाच्या बाबतीत इतकी हळवी असू शकते, हे सूनबाईंना जरूर सांगा.

तुम्ही मैत्रीण होतात की शेकडोंतली एक, याचं उत्तर तुम्हीच पत्रात लिहून दिलं आहे. दहाव्याला आलेली बाहेरची बाई ओसरीवर बसते, दोन शब्द बोलते, चहा घेते न घेते आणि उठते. आपल्याकडे दुःखाच्या घरी परक्या बाईला चुलीपाशी जाऊ देतात का? ती न विचारता आत गेली, मोरीपाशी बसली, आणि तुमच्या घरच्या बायकांनी तिला उठवलं नाही. ती सेवा करायला आली असती तर प्रार्थना म्हणून परत गेली असती.

आणि हेही बघा की तुमच्या दोघींतलं देणं एकाच बाजूने झालेलं नाही. वसईची मुलगी सातपुड्यात येते, भाषा वेगळी, खाणं वेगळं, हवा वेगळी, घरापासून एका दिवसाच्या प्रवासावर. तिला कळण्याची भाकरी थापायला शिकवणारं, 'अगं' म्हणणारं माणूस मिळालं. दवाखान्यात ती सगळ्यांची सिस्टर होती. थकल्यावर कुरकुर करायला तिला कोण होतं? तुम्ही ते लिहीत नाही, कारण त्याची किंमत तुम्हाला काही वाटत नाही. मठात सुपीरियरपुढे कुरकुर करता येत नाही हो.

आपल्याकडे लग्नाकार्यात आहेराची वही ठेवतात. कुणी किती घातले ते त्यांच्या घरच्या कार्याला काढून बघायचं आणि तेवढे, नाहीतर थोडे वर घालून परत करायचे. चांगली पद्धत आहे, गरिबाचं कार्य त्यावर उभं राहतं, मी तिला हसणार नाही. पण सिस्टरकडे ती वहीच नाही. तिच्या घरी कार्य नाही, मुलाचं लग्न नाही, वास्तुशांत नाही. तुमची पाच हजारांची नोंद ती कुठे करणार? म्हणून फेडण्याचा विचार सोडा, तो तुम्हालाच त्रास देतोय. द्यावंसं वाटतं तेवढं मात्र जरूर द्या, आणि काय द्यायचं त्याचा थोडा हिशोब बदला.

तिने स्वतःकरता वस्तू ठेवायची नाही म्हटल्यावर उरतं ते खाणं आणि वेळ. बिबडे, दादर ज्वारीचं पीठ, केळीचे वेफर्स, तुमच्या हातची मिरचीची चटणी असं काही पाठवा, पण एकटीपुरतं नको, घरातल्या सगळ्यांना पुरेल असं. ते टेबलावर जातं, सगळ्या खातात, आणि 'ही चोपड्याच्या माझ्या मैत्रिणीकडची' असं सांगण्याचं सुख तिला मिळतं. हे सुख कुठल्याही हिशेबात जमा होत नाही. शिवाय पत्र लिहा. फोन हॉलमधला असतो, पत्र खोलीत नेता येतं. मिस्टरांच्या वर्षश्राद्धाला काय झालं, नातू काय बोलायला लागला, दवाखान्यासमोरचं चिंचेचं झाड आहे की तोडलं, असं सगळं लिहा. पैसे द्यायचेच असतील तर तिला हातखर्चाला देऊ नका. त्या होस्टेलला किंवा दवाखान्याला द्या, कशासाठी ते सांगून द्या, आणि पावती हक्काने मागून घ्या. त्या पावतीने मग रडू येणार नाही.

एक सुचवू का? पायथ्याच्या दवाखान्यात तिच्या जागी कुणीतरी नवीन सिस्टर आली असेल. तिला पावरी येत नसेल. पावसाळा संपला की ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्या कुटुंबांची धांदल सुरू होते, पोरांचं लसीकरण अर्धवट राहतं, सिकलसेलच्या पेशंटांची औषधं चुकतात. हे सगळं तुम्हाला पाठ आहे, तिला नाही. अधूनमधून जाऊन बसलात तर तिला मोठाच आधार होईल. मन होत नसेल तर नका जाऊ. नव्या माणसात जुनं माणूस शोधत बसायचा त्रास होतो, तो मी जाणते.

आखाजीबद्दल तुम्ही सिस्टरला थोडं जास्तच बोल लावलेत असं मला वाटतं. 'परवानगी बघते' हे टाळण्याचं वाक्य तुम्हाला वाटलं, पण मठाबाहेर मुक्कामाला राहायचं तर तिला खरोखरच सुपीरियरची परवानगी लागते. घरी जाण्याच्या सुटीचेही नियम असतात आणि ती सुटी स्वतःच्या आईच्या घरी जाण्यातच संपते. त्यात आखाजी पडते एप्रिल-मेमध्ये. तेव्हाच बदल्या, तेव्हाच वर्षाची मौनातली साधना, तेव्हाच होस्टेलचे प्रवेश. माहेरवाशिणीला बोलवायला याहून अडचणीचा महिना तिच्या वर्षात नसेल! झोक्यावर बसून गौराईची गाणी म्हणायला ती येईल असं चित्र तुम्ही मनाशी रंगवलं होतं, ते मोडल्याचं वाईट वाटणं साहजिक आहे. पण ते चित्र तिने मोडलं नाही, कॅलेंडरने मोडलं.

तिच्याशी शालीबद्दल बोला. फोनवर नको, रविवारच्या दहा मिनिटांत ते आटपायचं नाही, आणि ती समजूत काढायला लागेल. समोरासमोर बोला, आणि 'मला वाईट वाटलं' एवढंच सांगून थांबा. 'तुला माझी किंमत नाही' इथपर्यंत जाऊ नका, कारण ते खरं नाही आणि ते ऐकून ती लगेच माफी मागून मोकळी होईल. मावशींना शाल का दिली ते तिला सांगू द्या. या गोष्टीतलं जे तुम्हाला कळलेलं नाही ते तिच्याकडे आहे.

तर जा तिच्याकडे. दिवाळीच्या सुटीत होस्टेलच्या मुली घरी जातात, तेव्हा तिला जरा उसंत असेल. नाताळच्या आसपास जाऊ नका, बोलायला वेळ मिळणार नाही. महिनाभर आधी कळवा, मुक्कामाचं तिला मोकळेपणाने विचारा. मठाचा एक भाग फक्त सिस्टरांसाठी राखलेला असतो, तिथे तुम्हाला नेणार नाहीत, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. पाहुण्यांची खोली बहुतेक ठिकाणी असते. एसटीला आपल्याला अर्धंच तिकीट आहे. भरताची वांगी दिवाळीपर्यंत बाजारात यायला लागतात, ती घेऊन जा आणि तिथल्याच स्वयंपाकघरात भाजा, सगळ्यांना पुरतील एवढी. आणि ज्या दुसऱ्या सिस्टरचं कौतुक ऐकून तुम्ही कंटाळलात, तिच्याशेजारी मुद्दाम जेवायला बसा. फोनवरून चिडत राहण्यापेक्षा एकदा माणूस बघून घेतलेलं बरं.